कानबाईच्या अंगावरची जाळी

सुंदराने ते वाईट हेतूने केलं असं कुणीही म्हणणार नाही. उलट अगदी चांगल्या हेतूने केलं. आणि चांगल्या हेतूने केलेलं काम निस्तरताना नाकी नऊ कसे येतात, हे ज्याच्या घरात एक तरी हौशी बाई आहे त्याला वेगळं सांगायला नको.

नागपंचमीनंतरचा पहिला रविवार होता. खानदेशातून सुरतेला आलेली माणसं वर्षभर पोटामागे धावतात, पण या रविवारी डिंडोलीच्या गल्ल्यांमध्ये जो तो घर धुऊन, दाराला तोरण बांधून कानबाईच्या तयारीला लागतो. कानबाई ही खानदेशी घरांची आई. नारळाला डोळे काढायचे, नथ घालायची, मळवट भरायचा, चौरंगावर तिला बसवून नटवायचं, रात्र गाण्यांनी जागवायची आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर पोचवायचं. त्यासाठी भाऊबंदांचं सगळं गोत एका घरी जमतं. सुंदराची मोठी जाऊ मंगलाबाई कोसाडच्या वसाहतीत राहायची. तिच्या घरात एवढी माणसं मावत नाहीत, म्हणून कानबाई बसायची डिंडोलीला, सुंदराकडे. जागा सुंदराची, कष्ट सुंदराचे आणि हुकूम मंगलाबाईचे, अशी ही वाटणी बरीच वर्षं सुखाने चालली होती.

या घराची एक खास रीत होती. सुंदराचा नवरा दगा पॉवरलूमवर कामाला. सुरतेत आल्यावर त्याने पहिल्यांदा विणलेल्या कापडाचा तुकडा मालकाकडून मागून आणून देवीच्या अंगावर घातला होता. तेव्हापासून कानबाईची ओढणी घरच्या माणसाच्या कामातलीच असायची. ती कोरी हवी आणि तिला कात्री लागता कामा नये. बाजारातून विकत आणलेली चालत नसे. शेजारपाजारचे लोक झगमगीत साड्या आणत, आणि हे लोक दगाच्या मागावरचं कापड मिरवत.

यंदा मात्र अडचण होती. दगाच्या कारखान्यात त्या वेळी नुसतं रंग न दिलेलं, गोणपाटासारखं दिसणारं पॉलिस्टर निघत होतं.

"हाई पोतडं घालू का मायले?" सुंदराने आठवडाभर आधीपासून भुणभुण लावली होती.

"दखस ना काहीतरी," दगा म्हणाला होता. नवरे ज्या सुरात 'बघतो' म्हणतात त्याच सुरात, आणि बायका ज्या नजरेने ते ऐकतात त्याच नजरेने सुंदराने ते ऐकलं होतं.

म्हणूनच रविवारी सकाळी कपाटाच्या वरच्या खणात पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी दिसलं, आणि फडकं सोडल्यावर आतून तांब्यासारखी चकाकणारी, ओढणीएवढी जाळी निघाली, तेव्हा सुंदराचा ऊर भरून आला. बोलला नाही, पण आणलं! अशा नाजूक तारांचं जरीकाम तिने जन्मात पाहिलं नव्हतं. वर जाळीभर सारख्या अंतरावर बारीक काळे दाणे बसवलेले. सुंदरा आणि गल्लीतल्या चारपाच बाया घरबसल्या साड्यांना लेस शिवायचं, खडे चिकटवायचं काम करत. त्यामुळे चकाकणारं, दाणे लावलेलं काहीही समोर आलं की ते साडीच्या कामाचंच असणार, याबद्दल तिच्या मनात शंका यायचं कारण नव्हतं. काळ्या दाण्यांचं काम तिला जरा वेगळं वाटलं. नवी फॅशन असेल, म्हणून तिने ते सोडून दिलं.

एवढ्यावर थांबली असती तर ती सुंदरा कसली? कडा तिला उघड्याबोडक्या वाटल्या, म्हणून तिने चारी बाजूंनी लाल लेस शिवली. एका जागी दाणा नव्हता. तिथे तिने आपल्या डबीतला एक लखलखीत खडा डिंकाने चिकटवला. एका कोपऱ्यातून दोन तारा लोंबत होत्या. त्या कापायला तिने कात्री उचलली, मग रीत आठवली आणि कात्री खाली ठेवली. तारांचा तिने गोंडा वळला आणि तो देवीच्या कानामागे खोचून दिला.

दुपारी दगा पाळी संपवून आला. चौरंगावर कानबाई अशी झळकत होती की तो दारातच थबकला. बायकोने कुठून तरी जमवलं म्हणायचं, असा विचार करून तो काही न बोलता आंघोळीला गेला. दोघंही मनातल्या मनात एकमेकांवर खूश होती. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर असा दिवस सारखा येत नाही.

आता ती जाळी खरी कुणाची, ते सांगितलं पाहिजे.

दगा-सुंदराची मुलगी वर्षा इच्छापोरला एका लहानशा कंपनीत कामाला होती. केतुलभाईंची ही कंपनी मूळची लूमच्या इलेक्ट्रॉनिक पाट्या, म्हणजे सर्किट बोर्ड, दुरुस्त करणारी. पण वर्षा डिप्लोमा करून तिथे लागली ती डोक्यात एक वेड घेऊनच. आकाशात, ढगांच्याही खूप वर, सूर्य जवळपास कधी मावळत नाही. तिथे सोलरची मोठमोठी पानं पसरायची, जमलेली वीज लहरींच्या रूपाने खाली सोडायची आणि जमिनीवर जाळी पसरून ती झेलायची. जाळी त्या लहरींची पुन्हा वीज करणार. पाऊस असो की रात्र, खाली दिवा बंद पडायला नको. वरचं काम जगातले मोठे लोक करून बघत होते आणि तेही अजून प्रयोगातच होतं. वर्षाने फक्त खालच्या जाळीचं काम धरलं होतं. अशी जाळी मैलोन्‌मैल लागणार, ती पत्र्यासारखी जड असून चालणार नाही, कापडासारखी विणता आणि घडी घालता यायला हवी, असं तिचं म्हणणं. आणि विणायचंच असेल तर सुरतेपेक्षा चांगलं गाव कुठलं? केतुलभाईंना तिने हे इतक्या वेळा ऐकवलं की शेवटी कंटाळून की पटून, त्यांनी एक नमुना करायला परवानगी दिली.

तारेचं सूत लांबून मागवलं होतं. जाळी विणून, तिच्यावर ते काळे दाणे, म्हणजे लहरींची वीज करणारे डायोड, एकेक करून जोडता जोडता वर्षाचे डोळे शिणून गेले. एकच जाळी झाली. सोमवारी दुपारी बंगळूरहून एक बाई ती बघायला येणार होत्या. मैदानाच्या एका टोकाच्या खांबावरून लहरी सोडायच्या आणि दुसऱ्या टोकाला जाळीवर दिवे लावून दाखवायचे. दिवे लागले तर पुढचं काम मिळणार. नाही लागले तर केतुलभाई हा नाद सोडणार आणि वर्षा पुन्हा पाट्या दुरुस्त करायला बसणार. कंपनीची शेड श्रावणात गळते आणि उंदीर तारा कुरतडतात, म्हणून शनिवारी वर्षाने जाळी घरी आणून कपाटात ठेवली होती. घरात कुणाला सांगायचं तिला सुचलं नाही. आईला या कामातलं काही कळत नाही, असं ती धरूनच चालली होती. आणि सुंदराने तरी कधी विचारलं होतं? एकदा विचारलं होतं, तेव्हा वर्षा म्हणाली, वरून वीज खाली आणायची. "ती तं पडसच ना पावसायामा," असं म्हणून सुंदरा पोळ्या लाटायला लागली होती.

रविवारीही वर्षा मैदानावर खांब उभा करायच्या कामाला गेली होती. संध्याकाळी आरतीच्या वेळेला ती घरी आली. घर माणसांनी भरलं होतं. पुरणाचा वास सुटला होता. मंगलाबाई कानबाईसमोर मांडी घालून बसली होती आणि बाया एकेक करून येऊन ओढणीची तारीफ करत होत्या. सुंदरा नुसती फुलून गेली होती.

वर्षाने चप्पल काढली, हात जोडले, मान वर केली आणि ती तशीच उभी राहिली.

"आई, ही ओढणी कुठून आणली?"

"तुना बाप लयना," सुंदरा कौतुकाने म्हणाली.

"मी?" दगा म्हणाला. "मी कव्हय लयनू? माले वाटनं तूच लयनी!"

तेवढ्यात आतल्या खोलीतल्या कुकरने शिट्टी दिली.

"ती माझी आहे," वर्षा म्हणाली. "कंपनीची आहे. उद्या टेस्ट आहे तिची. आई, कपाटातून विचारल्याशिवाय कशी काढलीस गं? आणि ही लेस? हा खडा कुणी लावला?" ती तरातरा पुढे झाली आणि तिने जाळीकडे हात नेला.

"हात नको लावू, पोरी!" मंगलाबाई कडाडली. "मायना आंगवर चढेल कपडा इसर्जन व्हवापर्यंत काढानं नई. आपला घरमा असं कधी व्हयनं नई."

"मोठी माय, त्याच्यावर हळद पडली, तेल पडलं तर सगळं जाईल. वर्षभर राबलेय मी त्याच्यावर."

"ते माले समजस. पन देवीना आंगवरथून ओढी काढशी का?"

वर्षाच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलगी रडतेय आणि ती आपल्यामुळे, हे सुंदराला एका क्षणात लख्ख कळलं. आपण किती मिरवलो सकाळपासून! शेजारणींना हात धरून आणून दाखवलं. तो खडा चिकटवताना तर ती चक्क गुणगुणत होती. आपल्या पोरीच्या वर्षभराच्या कामावर आपण डिंक लावला, हे मनात आल्याबरोबर तिला आपल्याच हातांची लाज वाटली.

ती उठली. पदर खोचला.

"मी काढस," ती म्हणाली. "काय पाप लागनं ते माले लागी. मन्ही पोरनं नुकसान मी नई करावं."

सगळ्या बाया "अगं अगं" करत उठल्या. सुंदराचा हात कानबाईच्या खांद्यापर्यंत गेला, आणि तो धरला वर्षानेच.

"राहू दे, आई."

"पन बेटा..."

"राहू दे म्हणते ना. आज तू काढलीस तर वर्षभर या गोतात कुणाला साधी शिंक आली तरी ती तुझ्या नावावर लागेल. मला ते नको. टेस्ट दुपारी आहे. सकाळी लवकर निघू या, एवढंच करा."

ती आत गेली आणि तिने दार लोटून घेतलं. त्या रात्री गाणी झाली, फुगड्या झाल्या, पण सुंदराने एकही गाणं धड म्हटलं नाही. कुणी हळदीकुंकवाचं ताट घेऊन देवीजवळ सरकलं की ती मध्ये हात धरायची. निरांजन तर तिने इतक्या लांब ठेवलं की देवीला ते दिसलं असेल की नाही, कोण जाणे.

सोमवारी सकाळी आभाळ भरून आलं होतं. दरवर्षी या गोताची कानबाई निघायची ती निवांत. चौकाचौकात थांबायचं, फुगडी घालायची, दुसऱ्या घरची कानबाई समोरून आली की गाण्यात झुंज लावायची. यंदा मात्र मंगलाबाईच कंबर कसून पुढे होती. रात्री तिलाही झोप लागली नसावी. देवीच्या अंगावरचं काढायचं नाही म्हणाली होती खरी, पण पोरीचं काम बुडालं तर तो ठपका आपल्यावर येणार, हे न कळण्याइतकी ती साधी नव्हती.

"चाला, चाला! पाय उचला! नाचानं शे तं चालता चालता नाचा!" ती बायांना हाकत होती. बँडवाल्याला तिने जलद वाजवायला सांगितलं, तर त्याने लग्नातलं नाचाचं गाणं सुरू केलं. तिने तेही चालवून घेतलं.

चौरंग सुंदराच्या डोक्यावर होता. भुरभुर सुरू झाली तशी दगाने कारखान्यातून आणलेलं कापडाच्या ताग्यांवरचं जाड प्लास्टिक दोन्ही हातांनी तिच्यावर धरलं, आणि चारी कोपरे धरायला भाऊबंद धावले. पलीकडच्या गल्लीची मिरवणूक बाजूला उभी राहून बघत होती. "तुमनी कानबाईले सर्दी व्हयनी का?" त्यातल्या एका बाईने विचारलं. एरवी असल्या टोमण्याला मंगलाबाईने उभं चिरलं असतं. आज ती नुसती "चाला, चाला" म्हणत राहिली. वर्षा प्लास्टिकच्या आत आईच्या अगदी जवळून चालत होती. तिची नजर देवीवरून हलत नव्हती, आणि तिच्या तोंडून शब्द निघत नव्हता. सुंदराच्या डोक्यावर चौरंगाचं ओझं होतं, पण मान दुखत होती ती त्या गप्प बसण्याने.

तापीच्या काठावर विसर्जनाची आरती झाली. मंगलाबाईने देवीसमोर डोकं टेकवलं, मग स्वतःच्या हाताने जाळी अलगद उतरवली आणि घडी करून वर्षाच्या ओढणीत घातली.

"घे. मायनी लेकले ओटी दिन्ही," ती म्हणाली. "जाय आते. आनि दिवा लागनात का माले फोन कर. मी परसादना रोट तोंडमा नई घालाव तोपर्यंत."

रिक्षात सुंदराही बसली. वर्षाने मानेनेच नको म्हटलं होतं, पण लेसचे टाके अजून काढायचे होते. टाका सुंदराचा, तो सोडवायचाही तिनेच. एक तार न ओढता ते बारीक टाके उसवत ती शहर ओलांडून इच्छापोरपर्यंत गेली. रिक्षा खड्ड्यात गेली की ती सुई वर धरायची आणि रिक्षावाल्याला दोन शब्द ऐकवायची. खडा मात्र तिला निघेना. तो वर्षाने नखाने काढला.

"आई, चांगला घट्ट लावला होतास गं," ती म्हणाली. सकाळपासून आईशी बोललेलं तिचं हे पहिलं वाक्य. सुंदराला त्यावर हसावं की रडावं कळेना, म्हणून ती पुढचा टाका उसवत बसली.

शेडच्या दारात केतुलभाई येरझाऱ्या घालत होते. वर्षाने काही न लपवता सगळं सांगून टाकलं. देवीला नेसवली होती, कुंकू लागलंय, लेस शिवली होती, सगळं.

"माताजीए पहेरी हती?" केतुलभाईंचे डोळे मोठे झाले. मग त्यांनी जाळीला हात लावून कपाळाला लावला. "तो पछी सारुंज थशे ने!"

मग तर सगळं चांगलंच होणार म्हणाले, तरीही त्यांनी तपासायचं यंत्र आणायला सांगितलंच. देवावर विश्वास असलेला माणूसही तार तपासूनच घेतो. वर्षाने कुंकवाचे डाग स्पिरिटच्या बोळ्याने पुसले, दाणे तपासले. काही दाणे मेले होते, पण काम अडेल इतके नव्हते. सुंदरा कोपऱ्यात उभी राहून मुलीच्या चेहऱ्यावरून अंदाज घेत होती. चेहरा धड बरा नव्हता आणि धड वाईटही नव्हता.

बंगळूरच्या बाई आल्या. केस पांढरे, अंगावर साधी सुती साडी, बोलणं मोजकं. शेडमागच्या मोकळ्या प्लॉटमध्ये एका टोकाला खांबावर पेटी बसवली होती. दुसऱ्या टोकाला लाकडी चौकटीवर जाळी उभी ताणली आणि तिच्या तारा एका लांब पाटीवरच्या दिव्यांना जोडल्या. चौकटीच्या दोन्ही बाजूंनी, पार खांबापर्यंत, दोरी बांधली होती. दोरीच्या आत कुणी जायचं नाही, हे सगळ्यांना आधीच सांगून झालं होतं. सुंदराला सांगायचं राहिलं, कारण ती येणार हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

आणि दोरी काय, सुंदराने जन्मभर पाहिलेली. मांडवात देवीसमोर अशीच दोरी बांधतात. गर्दीने बाहेर थांबायचं असतं आणि घरच्या बाईने आत जायचं असतं. जाळी घरची होती, पोरगी घरची होती. सगळे दिव्यांच्या पाटीभोवती वाकलेले बघून ती हळूच दोरीखालून आत शिरली, जाळीच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली, आणि हात जोडून तिने डोळे मिटले.

"चालू करो!" केतुलभाईंनी हाताने खूण केली. शेडमधल्या माणसाने बटण दाबलं.

दिवे लागले नाहीत.

पुन्हा बटण दाबलं. पाटीच्या टोकाचा एक दिवा मिणमिण केल्यासारखा झाला आणि विझला. जोडण्या पाहिल्या. तारा घट्ट केल्या. तारांवरून हात फिरवला. वर्षा गुडघ्यावर बसून एकेक टोक तपासत होती आणि तिच्या कपाळावरून घाम गळत होता. केतुलभाईंनी रुमाल काढला. बंगळूरच्या बाईंनी चष्मा काढून पुसला, आणि पाहुण्याने चष्मा पुसायला घेतला की समजायचं काय ते यजमानाला समजतं.

मिटल्या डोळ्यांनी सुंदराला हे सगळं ऐकू येत होतं. नाही लागत. नाही लागत म्हणतात. माझ्या डिंकाने घात केला. लेस शिवताना सुई कुठे लागली असेल, रात्री तेलाचा थेंब पडला असेल आणि मला दिसलाच नसेल. माय, तुला नटवायच्या नादात मी माझी पोर उघडी पाडली गं. तुझं काही राहिलं असेल तर माझ्याकडून घे, तिच्याकडून नको घेऊ. ती आणखी एक पाऊल पुढे सरकली. जोडलेले हात आता जाळीला जवळजवळ टेकत होते.

"आई?"

तिने डोळे उघडले. जाळीच्या पलीकडून वर्षा तिच्याकडे बघत होती. एखादी हरवलेली वस्तू आपल्याच हातात सापडावी तसा तिचा चेहरा झाला होता.

"आई, जरा बाजूला हो."

"काय व्हयनं?"

"काही नाही. तू फक्त बाजूला हो."

सुंदरा बाजूला झाली. दोरीखालून वाकून बाहेर आली, आणि तिची पाठ सरळ होते न होते तोच पाटीवरचे दिवे लागले. एक नाही, दोन नाही, सगळीच्या सगळी ओळ भर दुपारी, ढगाळ उजेडात लख्ख पेटली.

केतुलभाईंनी "जय माताजी!" अशी आरोळी ठोकली की शेडवरची कबुतरं उडाली. शेडमधली माणसं धावत बाहेर आली. वर्षा मटकन खालीच बसली आणि हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"अगं, तूच उभी होतीस मध्ये!" ती म्हणाली. "खांबावरून येतंय ते सगळं तुझ्या अंगावर अडत होतं. आम्ही तारा तपासतोय आणि तू पुढे हात जोडून उभी!"

"मन्हा आंगवर?" सुंदराने घाबरून आपले दंड चाचपले. "काही व्हस का मंग?"

"काही होत नाही. उन्हात उभी राहतेस त्याहूनही कमी आहे ते. पण दोरीच्या आत जायचं नसतं."

सुंदराने एकदा खांबाकडे पाहिलं, मग जाळीकडे, मग मधल्या मोकळ्या जागेकडे. तिथे काही नव्हतं. तार नाही, दोरी नाही, नुसती ओली हवा. आणि तरीही त्या मोकळ्या जागेतून काहीतरी येत होतं, इतकं खरं की बाई मध्ये उभी राहिली तर दिवा विझावा. वर्षभर पोरगी काय सांगत होती ते तिला आत्ता समजलं. डिंक नव्हता, खडा नव्हता, सुई नव्हती. तिने काही बिघडवलं नव्हतं. ती फक्त चुकीच्या जागी उभी होती, आणि तिथून निघणं तर किती सोपं होतं! तिने इतका मोठा श्वास सोडला की काल संध्याकाळपासून आत अडकलेलं सगळं त्याबरोबर बाहेर पडलं. अंग एकदम हलकं झालं, आणि आपल्याला सडकून भूक लागली आहे हेही तिला तेव्हाच कळलं.

बंगळूरच्या बाईंनी चष्मा पुन्हा चढवला होता. त्या जाळीभोवती एक चक्कर मारून आल्या, चौकटीखाली वाकून पाहिलं, पाटी उचलून पाहिली.

"कहीं बॅटरी नहीं छुपी है, ये इससे अच्छा कोई साबित नहीं कर सकता था," त्या वर्षाला म्हणाल्या. "अपनी माताजी से कहिए, एक बार फिर सामने खड़ी हों."

वर्षाने आईकडे पाहिलं. सुंदराने दोन्ही हात मागे बांधले.

"मी आते मझार नई येत," ती म्हणाली. "लागनात ना दिवा? लागू द्या."

ती काही केल्या ऐकेना. शेवटी बंगळूरच्या बाई स्वतःच निऱ्या सावरत दोरीखालून आत गेल्या आणि जाळीसमोर उभ्या राहिल्या. दिवे गेले. बाजूला झाल्या, दिवे आले. त्यांना त्याची गंमतच वाटायला लागली. त्या पुन्हा मध्ये आल्या, पुन्हा बाजूला झाल्या. दिवे गेले की सुंदरा वर्षाचा हात घट्ट धरायची, आणि आले की सोडायची.

"पुरे म्हन वं त्यासले," शेवटी न राहवून ती लेकीच्या कानाशी लागली. "लेकरू पहिलंदाव उभं ऱ्हायनं तं त्याले घडीघडी पाडतस नई."